डायबेटिक मांजराचं इन्सुलिन: बारा तासांचं घड्याळ आणि अर्ध्या युनिटचा हिशोब

मांजराला मधुमेह निघाला की पहिल्या आठवड्यात घरातले सगळे सुईला घाबरतात. खरं तर सुई हा यातला सगळ्यांत सोपा भाग. चार-पाच दिवसांत मांजर खाता खाताच टोचून घेऊ लागतं, कित्येकदा मान वर करूनही बघत नाही. अवघड असतं ते किती द्यायचं, कधी द्यायचं आणि मुख्य म्हणजे कधी द्यायचं नाही, हे ठरवणं. डोस पशुवैद्य लिहून देतील, पण रोज सकाळ-संध्याकाळ सिरिंज हातात घेऊन उभे राहणार तुम्ही. त्यामुळे त्या आकड्यामागचा हिशोब तुम्हालाही कळायला हवा.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. साखर चढी राहिली तर नुकसान हळूहळू, आठवड्या-महिन्यांत होतं. ती फार खाली गेली तर काही तासांत जीव जाऊ शकतो. म्हणून एखादा डोस चुकला तर फारसं बिघडत नाही, पण तोच डोस दोनदा गेला तर खूप बिघडतं. पुढचे बहुतेक नियम याच एका गोष्टीवरून आलेले आहेत.

सिरिंज आणि इन्सुलिन एकमेकांचं आहे ना?

नवख्यांकडून होणारी सगळ्यांत घातक चूक इथेच होते. इन्सुलिन वेगवेगळ्या तीव्रतेचं मिळतं. यू-40 म्हणजे 1 मिलिमध्ये 40 युनिट, यू-100 म्हणजे 1 मिलिमध्ये 100 युनिट. सिरिंजवरच्या रेघाही त्याच हिशोबाने आखलेल्या असतात. यू-40 च्या सिरिंजमध्ये यू-100 इन्सुलिन 1 च्या रेघेपर्यंत भरलं, तर मांजराच्या अंगात 1 नव्हे, अडीच युनिट जातात. उलट, यू-100 च्या सिरिंजमध्ये यू-40 भरलं तर 1 च्या रेघेला जेमतेम 0.4 युनिट मिळतं आणि ‘औषध लागूच पडत नाही’ अशी तक्रार सुरू होते. प्रत्येक नवं पाकीट उघडताना बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी शेजारी धरून वाचा. ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन यू-300 तीव्रतेचंही मिळतं. ते पेनमधून सिरिंजने कधीही ओढू नका, यू-100 च्या सिरिंजवर ते थेट तिप्पट होतं.

यू-100 इन्सुलिनसाठी 0.3 मिलिची, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली सिरिंज घ्या. 1 मिलिच्या सिरिंजवर मांजराचे छोटे डोस नीट दिसतच नाहीत. सुई 8 मिलिमीटर लांब आणि 30 किंवा 31 गेजची असली की पुरे.

बाकी सामान: ग्लुकोमीटर, त्याच्याच स्ट्रिप्स, लॅन्सेट (रक्ताचा थेंब काढायची छोटी सुई), लघवीतले कीटोन तपासायच्या पट्ट्या, मध किंवा ग्लुकोज सिरप, आणि एक वही. वहीच्या जागी फोन चालेल, पण घरातल्या सगळ्यांना दिसेल अशी नोंद हवी. आई सकाळी टोचून कामाला गेली आणि मुलाने ‘राहिलं असेल’ म्हणून पुन्हा टोचलं, असा दुहेरी डोस नोंद नसलेल्या घरांतच होतो.

बाटलीतलं इन्सुलिन कसं वागतं

मांजरांसाठी सहसा तीन प्रकार वापरले जातात: ग्लार्जिन, पीझेडआय (प्रोटामिन झिंक इन्सुलिन) आणि लेंटे. मांजराच्या शरीरात इन्सुलिन माणसापेक्षा लवकर संपतं, म्हणून दिवसातून एकदा भागत नाही. दर बारा तासांनी द्यावं लागतं.

ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं. बाटलीत ते आम्लधर्मी द्रावण असतं. कातडीखाली गेल्यावर त्याचे बारीक कण बनतात आणि ते हळूहळू विरघळत राहतात. म्हणून त्यात पाणी किंवा दुसरं इन्सुलिन मिसळायचं नाही. ते गढूळ दिसलं, तरंगणारे कण दिसले तर बाटली टाकून द्या. या साठ्यामुळेच ग्लार्जिनचा डोस बदलला तरी त्याचा खरा परिणाम दिसायला काही दिवस जातात.

पीझेडआय आणि लेंटे दुधाळ असतात. गाळ तळाशी बसतो, त्यामुळे दर वेळी ते एकजीव करावं लागतं. पीझेडआय तळव्यांत हळुवार फिरवतात. लेंटेच्या बाबतीत बाटलीवर लिहिलं असेल तसंच करा, कारण काही उत्पादनं जोरात हलवायला सांगतात. लेंटे साखर भर्रकन खाली आणतं, साधारण चार तासांच्या आसपास तळ गाठतं आणि बऱ्याच मांजरांत बारा तास पुरतही नाही. म्हणून लेंटे देण्याआधी मांजराने पोटभर खाल्लंय याची खात्री करावीच लागते. ग्लार्जिनमध्ये उतार त्या मानाने संथ असतो.

साठवण 2 ते 8 अंश सेल्सियसला. फ्रिजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्याला चिकटवून नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून पूर्वीसारखं दिसलं तरी ते फेकायचंच. बाटली फोडल्याची तारीख तिच्यावरच लिहा. किती दिवस वापरायची ते उत्पादनावर ठरतं. चांगलं चाललेलं मांजर काहीच कारण नसताना बिघडलं तर डोस वाढवण्याआधी नवी बाटली फोडून बघा.

टोचणं

1. डोस ओढा आणि सिरिंज उजेडासमोर धरा. बुडबुडा असेल तर टिचकी मारून वर आणा, बाहेर काढा. कातडीखाली हवेचा बुडबुडा गेल्याने मांजराला काही होत नाही, पण तो औषधाची जागा खातो. यू-100 चं 1 युनिट म्हणजे अवघं 0.01 मिलि. एवढ्यात एक छोटासा बुडबुडा तिसरा हिस्सा डोस गिळू शकतो.

2. जास्तीचं ओढलं गेलं तर ते बाटलीत परत ढकलू नका, बाहेर टाका.

3. जागा निवडा. मानेमागची सैल कातडी पकडायला सोपी, पण तिथे रक्तपुरवठा कमी आणि औषध शोषलं जाणं बेभरवशाचं. छातीची बाजू, कूस, पोटाची बाजू या जागा चांगल्या. रोज थोडी सरकवत राहा. एकाच ठिकाणी टोचत राहिलं तर कातडी जाड होते.

4. अंगठा आणि दोन बोटांनी कातडी उचलून तंबूसारखी करा. सुईच्या टोकाची तिरकी बाजू वर ठेवून, तंबूच्या बुडाशी, अंगाला साधारण समांतर आत घाला. दट्ट्या दाबा, मनात पाच मोजा, मग सुई काढा.

5. केस चाचपून बघा. ओले लागले, औषधाचा वास आला तर सुई आरपार गेली किंवा कातडीत शिरलीच नाही.

अशा वेळी पुन्हा टोचायचं नाही. आत किती गेलं हे कुणालाच सांगता येत नाही. वहीत ‘केसांत गेलं’ असं लिहा आणि पुढच्या वेळेची वाट बघा. लांब केसांच्या मांजराच्या दोन्ही कुशींवर छोटी चकती भादरून ठेवली की हा प्रश्न जवळजवळ संपतो.

घड्याळ

सकाळी 7 आणि संध्याकाळी 7, किंवा तुम्हाला कायम जमेल अशी कुठलीही जोडी. पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे झाली तर चालतं. दोन-तीन तास उशीर झाला तर तो डोस सोडून द्यायचा आणि पुढचा ठरल्या वेळी द्यायचा, हा नवख्यांसाठी सगळ्यांत सुरक्षित मार्ग. राहिलेला डोस पुढच्यात मिळवून द्यायचा नाही, आणि ‘आज बाहेर जायचंय’ म्हणून दोन तास आधीही नाही. लवकर दिलेला डोस आधीच्या डोसाच्या शेपटीवर बसतो आणि दोन्ही मिळून साखर खाली ओढतात.

वेळ कायमची बदलायची असेल तर प्रत्येक डोसला 15 मिनिटं सरकवत जा. घाई कुणालाच नसते, मांजराला तर मुळीच नाही.

प्रत्येक वेळचा क्रम एकच ठेवा: आधी मोजा, मग खायला द्या, मग टोचा. मोजण्याआधी दोन तास खाणं उचलून ठेवलं तर आकड्यात जेवणाची भर पडत नाही. हे मोजणं टाळू नका. मांजराची इन्सुलिनची गरज कधी कधी काहीही न सांगता कमी होते, आणि ते कळण्याची एकमेव जागा म्हणजे टोचण्याआधीचा हा आकडा.

पहिल्या काही आठवड्यांत हा आकडा 200 मिग्रॅ/डेसिलिच्या खाली आला तर टोचू नका, खायलाही देऊ नका (70 च्याही खाली असेल तर मात्र थांबू नका, पुढे ‘साखर उतरली तर’ मध्ये सांगितलंय तसं करा). वीस-तीस मिनिटांनी पुन्हा मोजा. चढत जाऊन 200 च्या वर गेला तर द्या. खालीच राहिला तर खायला घाला, डोस सोडा आणि डॉक्टरांना कळवा. पुढे तुमच्याकडे नोंदी साठल्या की डॉक्टर ही मर्यादा खाली आणतील. मीटर मिलिमोलमध्ये दाखवत असेल तर आकड्याला 18 ने गुणा.

कानातून रक्त

कानाच्या कडेने एक बारीक शीर जाते. तिच्या आणि कडेच्या मधल्या पट्टीत टोचायचं, शिरेत नाही. आधी कान गरम करा: मोज्यात कोरडे तांदूळ भरून, थोडे गरम करून कानाला लावा, आपल्या मनगटाला सोसेल इतपतच. कानामागे घडी केलेला कापूस धरा म्हणजे तुमचं बोट वाचेल. सुरुवातीला 28 गेजची जाड लॅन्सेट बरी पडते. आठवड्याभरात त्या जागी बारीक केशवाहिन्या वाढतात आणि मग बारीक लॅन्सेटनेही टपोरा थेंब येतो. मोजून झाल्यावर अर्धा मिनिट दाबून धरा, नाही तर कान काळानिळा होतो. आणि दर वेळी, आकडा मिळो न मिळो, आवडीचा खाऊ. तिसऱ्या आठवड्यात मांजर स्वतःहून मोजायच्या जागी येऊन बसतं ते या खाऊसाठी.

माणसांचं मीटर चालतं, पण मांजराच्या रक्तात ते मांजरांसाठी बनवलेल्या मीटरपेक्षा सहसा कमी आकडा दाखवतं. एक मीटर धरा आणि त्यावरच राहा. दवाखान्यातल्या आकड्याशी घरचा आकडा जुळला नाही तर गोंधळू नका. भीतीने मांजराची साखर चांगलीच चढते, निरोगी मांजराचीसुद्धा. म्हणूनच डॉक्टर फ्रुक्टोसामाइन ही वेगळी तपासणी करतात, ती मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगते. कातडीवर चिकटवायचा ग्लुकोज सेन्सरही मांजरांना लावता येतो, मात्र माणसावर टिकतो तितके दिवस तो क्वचितच टिकतो.

डोस तळावरून ठरतो

या लेखातलं एकच कलम लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

दोन मांजरं घ्या. दोघांची सकाळची साखर 360. नवख्या माणसाला दोघांनाही जास्त इन्सुलिन हवंय असं वाटतं. आता दिवसभर मोजून बघू. पहिलं मांजर सहा तासांनी 290 वर येतं आणि परत चढतं. त्याला डोस खरंच कमी पडतोय. दुसरं सहा तासांनी 85 वर येतं आणि संध्याकाळी पुन्हा 350. त्याचा डोस वाढवला तर ते दुपारी, घरी कुणी नसताना, बेशुद्ध पडेल. दुसऱ्या मांजराचा प्रश्न प्रमाणाचा नाही. त्याचं इन्सुलिन पुरेसा वेळ टिकत नाहीये, किंवा खाण्याच्या वेळा चुकताहेत. सकाळचा आकडा दोघांचा सारखाच होता. फरक तळाने, म्हणजे दोन डोसांच्या मधल्या सर्वांत खालच्या आकड्याने दाखवला.

म्हणून दोन-तीन आठवड्यांतून एकदा पूर्ण दिवसाचा आलेख काढा: टोचण्याआधी आणि मग दर दोन तासांनी, बारा तास. रोज हे जमणार नाही. रोज टोचण्याआधीचे दोन आकडे आणि मधला एखादा, तोही दर दिवशी वेगळ्या वेळी घेतला, तर आठवड्याभरात तळ कुठे असतो याचा अंदाज येतोच.

सुरुवात बहुतेक मांजरांत दर बारा तासांनी साधारण 1 युनिटने होते. डॉक्टर आदर्श वजनाच्या किलोमागे 0.25 ते 0.5 युनिट असा हिशोब धरतात आणि सहसा 2 युनिटच्या वर सुरुवात करत नाहीत. मांजर लठ्ठ असेल तर आत्ताचं वजन धरायचं नाही, असायला हवं ते धरायचं.

तळ साधारण 80 ते 150 च्या दरम्यान यावा असं बघायचं असतं. आठवडाभर एकच डोस ठेवूनही तो याच्या बराच वर असेल, तर डॉक्टरांशी बोलून पाव ते अर्धं युनिट वाढवायचं. एका वेळी एवढंच. 1 वरून थेट 2 म्हणजे दुप्पट, हे विसरलं जातं, कारण आकडा लहान दिसतो. वाढवल्यावर पुन्हा पाच-सात दिवस थांबा. कालचा एक आकडा चढा आला म्हणून आज वाढवला, आज उतरला म्हणून उद्या कमी केला, असं रोज खालीवर करत राहिलं तर कुठलाच डोस काय करतो ते कळत नाही. मांजरं बिघडण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण, आणि ते काळजीपोटीच होतं.

कमी करताना मात्र वाट बघायची नाही. तळ 80 च्या खाली गेला तर पुढच्या डोसच्या आधीच डॉक्टरांना विचारून कमी करा. आणि साखर फार खाली जाऊन आल्यावर शरीर स्वतःची हार्मोन्स सोडून ती वर ढकलतं, म्हणून नंतरचे काही आकडे फुगलेले येऊ शकतात. त्या फुगलेल्या आकड्यांवरून डोस वाढवू नका.

डोस वाढत वाढत किलोमागे दीड युनिटच्या पुढे गेला आणि तरी साखर उतरत नसेल, तर इन्सुलिनला विरोध करणारं काहीतरी शरीरात आहे. दातांचा संसर्ग, लघवीचा संसर्ग, स्वादुपिंडाची सूज, स्टिरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन, किंवा ॲक्रोमेगली, म्हणजे वाढीचं हार्मोन जास्त तयार होणं. त्याचा शोध आयजीएफ-1 नावाच्या रक्ततपासणीने सुरू होतो.

खाणं बदलताना

मांजर मुळात मांसाहारी. कोरड्या दाण्यांत पिष्ट भरपूर असतं, ओल्या मांसाहारी डब्यांत कमी. कमी कर्बोदकांच्या ओल्या खाण्याने साखर उतरते, आणि इतकी उतरते की कालचा डोस आज जास्त ठरतो. म्हणून इन्सुलिन चालू असताना खाणं एका दिवसात बदलू नका. डॉक्टरांना आधी सांगा, डोस कमी करून घ्या, आठवडाभर थोडं थोडं मिसळत बदला आणि त्या काळात जास्त वेळा मोजा.

मांजराने खाल्लंच नाही, किंवा खाल्लेलं ओकलं, तर नेहमीचा डोस देऊ नका; मोजा आणि डॉक्टरांना फोन करा. पण ‘खात नाही म्हणून इन्सुलिन नाही’ हे एक दिवसही ओढू नका. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळतं आणि कीटोन साठतात. साखर चढी, लघवीच्या पट्टीवर कीटोन, मांजर मलूल, उलट्या, तोंडाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास, असं दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

साखर उतरली तर

लक्षणं: अचानक अधाशासारखी भूक, लटपटती चाल, एकटक बघणं, नेहमीच्या जागा सोडून कोपऱ्यात लपणं, थरथर, मग झटके. काही मांजरं 45 वर असतानाही अगदी नॉर्मल दिसतात, त्यामुळे शंका आली की मोजा.

आकडा 70 च्या खाली असेल आणि मांजर शुद्धीवर असेल, तर जे खाईल ते आत्ता द्या, शक्यतो पिष्टाचं, ग्रेव्ही असलेलं. 50 च्या खाली असेल किंवा लक्षणं दिसत असतील तर एक छोटा चमचा मध किंवा सिरप हिरड्यांवर आणि गालाच्या आत चोळा. झटके येत असतील तर तोंडात काही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाईल. बोट दातांपासून दूर ठेवून फक्त ओठांच्या आत हिरडीवर थोडं लावा आणि निघा. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. मधाचा असर तासाभरात ओसरतो, इन्सुलिनचा मात्र अजून कित्येक तास उरलेला असू शकतो. आकडा 110 ला आला म्हणून झोपायला गेलात तर पहाटे तीनला तो परत 40 असू शकतो. मध चढवतो, खाणं टिकवतं. दोन्ही द्या आणि तळाची वेळ उलटेपर्यंत मोजत राहा. पुढचा डोस डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नको.

डोस उतरत गेला तर

मांजरांच्या मधुमेहात एक चांगली गोष्ट आहे. लवकर उपचार सुरू झाले, साखर पहिल्या काही महिन्यांतच आटोक्यात आली, तर बऱ्याच मांजरांचं स्वादुपिंड पुन्हा काम करू लागतं. डोस 1 वरून अर्ध्यावर, अर्ध्यावरून पावावर येतो, आणि एक दिवस टोचण्याआधीचा आकडा सलग 110-120 येतो. तेव्हा डॉक्टर इन्सुलिन थांबवून बघतात. पहिले दोन आठवडे रोज मोजा. चार आठवडे औषधाशिवाय साखर नॉर्मल राहिली की मधुमेह शमला असं धरतात.

तरी मीटर आणि स्ट्रिप्स काढून टाकू नका, आठवड्यातून एकदा मोजत राहा. काही मांजरांचा मधुमेह परत येतो, आणि त्याचं एक नेहमीचं निमित्त म्हणजे खाज किंवा सूज यांसाठी दिलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन. मांजराच्या फाइलच्या पहिल्या पानावर ‘पूर्वी मधुमेह, स्टिरॉइड विचारल्याशिवाय नाही’ असं ठळक लिहून घ्या. दवाखाना बदलला तर ते पान सोबत न्या.